आईच्या मृत्यूनंतर सव्वादोन वर्षांच्या मुलीचा सांभाळ: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कुण्या एका घराचं नाही. शोकात असलेल्या कुटुंबांमध्ये पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते मांडलं आहे. म्हणून यात माणसांना नावं नाहीत, फक्त नाती आहेत.

मुलगी २७ महिन्यांची, वजन साडेअकरा किलो. आई ३४ वर्षांची. मेंदूतल्या रक्तस्रावाने दोन दिवसांत दगावली. बाबा पूर्णवेळ नोकरी करणारे. मुलीची आंघोळ आणि संध्याकाळचं खेळणं आधीपासून त्यांच्याकडे होतं. झोपवणं, भरवणं, दुखणीखुपणी आणि लसीकरण हे सगळं आई बघायची. मुलगी रात्री अंगावर पितच झोपायची. म्हणजे एका दिवसात तिची आई गेली, दूध तुटलं आणि झोप लागण्याची तिला ठाऊक असलेली एकमेव रीतही संपली. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना दिसत होत्या. तिसरी कुणाच्या लक्षात आली नाही, आणि पुढचे दोन महिने घराला सर्वांत जास्त त्रास तिनेच दिला.

पहिले दहा दिवस

बाबांना सावरायला वेळ मिळावा म्हणून मावशी मुलीला स्वतःच्या घरी घेऊन गेली. सहा रात्री मुलगी तिथे होती. पहिले दोन दिवस दाराशी जाऊन रडली, मग गप्प झाली. "रुळली बघ, आता आईचं नावही काढत नाही," असं फोनवर सांगितलं गेलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. परत आणल्यावर ती बाबांकडे गेली नाही, त्यांनी उचलून घेतल्यावर तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती त्यांच्या पायाला अशी चिकटली की त्यांना न्हाणीघरातही एकट्याने जाता येईना.

जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन यांनी १९५० च्या दशकात आईबापांपासून दूर ठेवलेल्या लहान मुलांचं निरीक्षण करून तीन टप्पे मांडले: आधी आकांत, मग निराशा, मग अलिप्तता. शेवटचा टप्पा मोठ्यांना मूल शांत झाल्यासारखा दिसतो. आई गेलेल्या मुलाला त्याच आठवड्यात बाबांपासूनही दूर नेलं, तर त्याच्या हिशोबी दोघंही नाहीसे होतात. मावशीच्या मायेत काही उणं नव्हतं. फक्त तिने मूल उचललं, उचलायला हवं होतं बाकीचं काम.

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा बदल इथेच झाला. घरातल्यांनी बसून कामांची फेरवाटणी केली. स्वयंपाक, कपडे, येणाऱ्याजाणाऱ्यांची उठबस, फोन आणि कागदपत्रं नातेवाइकांकडे गेली. मुलीच्या दिवसातल्या तीन वेळा बाबांनी स्वतःकडे ठेवल्या: सकाळी उठवणं, आंघोळ घालणं आणि रात्री झोपवणं. कितीही थकले असले, डोळे सुजलेले असले तरी या तीन वेळा त्यांच्याच. बाबा कामावर गेल्यावर दिवसभर आजी. तिसरं माणूस हौसेने खेळवू शकेल, पण भरवणं, शी-शू, झोप यांत दोघांखेरीज कुणी पडायचं नाही. दीड-दोन वर्षांच्या मुलाला दहा प्रेमळ माणसांपेक्षा तीच ती दोन माणसं जास्त उपयोगी पडतात, कारण पुढे काय होणार याचा अंदाज त्याला फक्त त्यांच्या सवयीच्या वागण्यातून येतो.

आई किंवा वडील गमावलेल्या मुलांवरच्या हार्वर्ड अभ्यासात विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी ७० कुटुंबांतली १२५ मुलं दोन वर्षं पाहिली. मागे राहिलेला पालक दैनंदिन आयुष्य कसं चालवतो, यावर मुलाचं सावरणं फार अवलंबून असतं, असं त्यांना दिसलं. ती मुलं ६ ते १७ वर्षांची होती, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा सव्वादोन वर्षांच्या मुलीला लावता येणार नाही. पण जितकं मूल लहान तितकं ते पालकाच्या हातांवर जास्त अवलंबून, हे तर उघडच आहे.

काय सांगायचं

आजीने सुरुवातीला "आई गावाला गेली" असं सांगितलं होतं. त्यानंतर मुलगी रोज संध्याकाळी दाराशी बसू लागली. "झोपली" असं सांगितलं असतं तर झोपेचीच भीती बसली असती. "देव घेऊन गेला" यातही कुणीतरी येऊन माणसं उचलून नेतं एवढंच मुलाला कळतं.

बाबांनी दिवसा, मांडीवर घेऊन, मुलीचं पोट भरलेलं असताना सांगितलं: "आईच्या डोक्यात खूप मोठा आजार झाला. डॉक्टरांना बरा करता आला नाही. आई मेली. तिचं शरीर बंद पडलं. ती आता येऊ शकत नाही. बाबा इथेच आहे. आजी इथेच आहे." 'मेली' हा शब्द उच्चारणं त्यांना सर्वांत जड गेलं, आणि नातेवाइकांपैकी काहींना तो कठोर वाटला. तरीही तो वापरावा असंच आमचं मत आहे, कारण बाकी प्रत्येक मवाळ शब्दात परतीची वाट उघडी राहते.

या वयाच्या मुलाला सांगितलेलं एकदा कळत नाही. मृत्यू कायमचा असतो, शरीराची सगळी कामं थांबतात आणि तो प्रत्येकाला येतो, या तिन्ही गोष्टी बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान एकत्र उमगतात. म्हणून "आई कुठे?" हा प्रश्न दिवसातून दहा-पंधरा वेळा येतो, कधी खेळता खेळता, कधी तोंडात घास असताना. मूल त्यातून उत्तर तेच आहे ना हे तपासत असतं. बाबा, आजी आणि पाळणाघरातल्या ताई या सगळ्यांनी तीच वाक्यं वापरावीत म्हणून ती एका कागदावर लिहून फ्रिजवर लावली गेली. आजीला ती तोंडातून काढायला दोन आठवडे लागले.

बाबांनी मुलीसमोर रडावं का, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. रडावं, आणि कारण सांगावं: "बाबाला आईची आठवण येते म्हणून रडू येतंय. तू काही केलं नाहीस. थोड्या वेळाने थांबेल." रडणं लपवलं की मुलाला घरातला ताण जाणवतो आणि त्याचं कारण मात्र मिळत नाही. फक्त हुंदके आवरत नसतील, अंग थरथरत असेल, तर तेवढा वेळ मुलाला आजीकडे द्यावं. मुलाने बाबांना सांभाळण्याची वेळ येऊ नये.

झोप

मावशीकडून परतल्यावर मुलगी रात्री साडेदहा-अकराला झोपू लागली, तीन-चार वेळा किंचाळत उठू लागली, आणि प्रत्येक वेळी घरात जो जागा असेल तो तिला फिरवायचा. रात्रीची भरपाई म्हणून दुपारी तिला साडेचारपर्यंत झोपू दिलं जाई. घरच्यांनी याचं एकच कारण धरलं होतं, शोक. प्रत्यक्षात तीन कारणं एकमेकांत गुंतली होती: झोपण्याची जुनी रीत तुटली होती, दुपारच्या उशिराच्या झोपेमुळे रात्री डोळा लागत नव्हता, आणि दर वेळी जाग आल्यावर वेगळा चेहरा दिसत होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसाची झोप धरून २४ तासांत ११ ते १४ तास झोप लागते. मुलीची बेरीज साडेदहा भरत होती. मग क्रम असा लावला. सकाळी साडेसहाला उठवायचं, रात्र कशीही गेलेली असो. दुपारची झोप साडेबाराला सुरू, अडीचला पडदे उघडून उठवायचं. रात्री झोपण्याची वेळ दर तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणत आठवर न्यायची. हे उलट क्रमाने, म्हणजे आधी रात्रीची वेळ खेचून, करू पाहिलं तर जमत नाही. न दमलेलं मूल अंधारात तासभर रडतं आणि बाबांचा धीर सुटतो.

अंगावर पिण्याच्या जागी नवी रीत हवी होती आणि ती बाबांनाच रोज करता येईल अशी हवी होती. कोमट पाण्याने हातपाय पुसणं, मंद दिवा, तेच एक पुस्तक, आईच्या फोटोला "शुभ रात्री", मग पाठीवर हात. सगळं मिळून २५ मिनिटं. पहिल्या चार रात्री ती बाबांचा शर्ट ओढून छाती शोधत राहिली. अशा वेळी बाबा खचतात. त्यांना नाकारल्यासारखं वाटतं. मूल ओळखीची रीत शोधत असतं, त्यात बाबांना नकार नसतो. पाचव्या रात्री तिने त्यांचा अंगठा पकडला आणि तीच तिची रीत बनली.

मुलाला एकटं रडू देऊन झोपायला शिकवण्याची पद्धत या काळात वापरू नये. ज्या मुलाचं माणूस खरोखरच नाहीसं झालं आहे, त्याला हाक मारूनही कुणी येत नाही हा अनुभव द्यायची ही वेळ नव्हे. बाबांनी गादी तिच्या गादीला लावली. रात्री जाग आली की तेच, दिवा न लावता, न उचलता, हात ठेवून "बाबा इथे आहे" एवढंच म्हणायचे. सहा आठवड्यांत रात्रीचं उठणं एकावर आलं. तिथून गादी हळूहळू दूर सरकवायला सुरुवात झाली, आणि मुलगी तापाने आजारी पडल्यावर ती पुन्हा जवळ आली. असं होतंच.

सगळंच शोकाचं नसतं

आई गेल्यानंतर पाचव्या आठवड्यात मुलगी चिडचिडी झाली, जेवणाला तोंड फिरवू लागली, शी करताना कोपऱ्यात पाय आवळून उभी राहू लागली. आधी ती शी सांगायची, तेही बंद झालं. आठवण येत असेल, असं सगळ्यांनी म्हटलं.

डॉक्टरांनी दिवसभरात पोटात काय जातं ते लिहून आणायला सांगितलं तेव्हा खरं चित्र दिसलं. अंगावरचं दूध तुटलं म्हणून आजी बाटलीने दूध देत होती: २०० मिलीच्या चार ते पाच बाटल्या, त्यातल्या दोन रात्री. म्हणजे जवळपास एक लिटर. या वयाला ३५० ते ५०० मिली पुरे. जास्त दुधाने पोट भरतं, मूल जेवत नाही. दुधात लोह जवळपास नसतं, त्यामुळे रक्तातलं हिमोग्लोबिन उतरतं. आणि बद्धकोष्ठ होतं. एकदा शी करताना दुखलं की मूल ती अडवून धरतं, अडवली की आणखी घट्ट होते. हिमोग्लोबिन १०.२ निघालं, या वयात ११ च्या खाली कमी समजतात.

उपाय साधे होते, पण क्रमाने करावे लागले. आधी शी मऊ करणारं औषध, कारण दुखणं थांबल्याशिवाय बाकी काहीच चालत नाही. मग रात्रीच्या बाटलीतून दर दोन रात्रींनी ३० मिली कमी करत ती बंद. दिवसाचं दूध बाटलीऐवजी पेल्यातून आणि जेवणानंतर. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत लोह, आणि ती बाटली कुलपात, कारण लोहाचं औषध लहान मुलाने एकदम प्यालं तर जिवावर बेतू शकतं. शी-शूचं शिक्षण दोन महिने बाजूला ठेवून पुन्हा लंगोट. त्यावरून एक शब्दही बोलायचा नाही. दर महिन्याला त्याच काट्यावर वजन.

आजीला हे सांगणं नाजूक होतं. मुलगी गमावलेल्या बाईला, नातीला पाजलेल्या दुधाने त्रास झाला असं कसं सांगायचं? बाबांनी तिला डॉक्टरांकडे सोबत नेलं आणि तिने ते थेट ऐकलं. घरात ज्याच्या हातून काम होतं त्याला तपासणीला नेणं हाच यावरचा उत्तम मार्ग.

तापाची रात्र

दोन माणसं मूल सांभाळतात तेव्हा औषधाची नोंद हवी. ही पद्धत नव्हती म्हणून एका रात्री गोंधळ झाला. ताप पाहून आजीने आठ वाजता पॅरासिटामॉल ५ मिली दिलं. बाटली ५ मिलीत १२० मिलिग्रॅमची होती. बाबांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी साडेनऊला दुसऱ्या बाटलीतून ५ मिली दिलं; तिच्यात ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान ४ तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. साडेअकरा किलोला एका वेळी साधारण ११५ ते १७० मिलिग्रॅम होतात. तिला दीड तासात ३७० गेले. डॉक्टरांना लगेच फोन झाला, पुढच्या मात्रा थांबवल्या, धोका टळला.

त्यानंतर घरात एकाच ताकदीची बाटली राहिली. चमच्याऐवजी सुईविना सिरिंज आली. बाटलीला रबराने कागद बांधला: तारीख, वेळ, किती मिली, कुणी दिलं. सध्याचं वजन आणि त्यानुसार किती मिली हेही वर लिहिलं. दोन महिन्यांनी ते बदलायचं, कारण वजन बदलतं.

निरोप आणि पाळणाघर

मुलीला रडू येऊ नये म्हणून बाबा सुरुवातीला ती खेळत असताना गुपचूप निघून जात. परिणाम उलटा. ती खेळणंच सोडून त्यांच्यावर नजर ठेवू लागली. गुपचूप जाण्याने मुलाला एवढंच कळतं की डोळ्यांआड होणारं माणूस कधीही नाहीसं होऊ शकतं. तिला आधीच तेच वाटत होतं.

मग रोज तोच निरोप: गालावर पापा, "बाबा कामाला जातोय, दुपारची झोप झाली, दूध प्यालीस की बाबा येईल." घड्याळ मुलाला कळत नाही, कामांचा क्रम कळतो. निरोप एका मिनिटाचा, मग वळून यायचं नाही. आणि सांगितलेल्या वेळेला यायचंच. उशीर होणार असेल तर आजीला फोन, आजीने मुलीला सांगायचं. पाळणाघर पुन्हा सुरू करताना पहिला आठवडा रोज दीड तास, दुसरा तीन तास, तिसऱ्यात जेवणापर्यंत. ताईंना आधीच सांगितलं होतं की ती बाहुलीला 'मेली' म्हणून झोपवेल आणि पुन्हा उठवेल; तो खेळ थांबवू नये, इतर मुलं विचारतील तर सरळ उत्तर द्यावं.

बाबा

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलं की शोकात माणूस दोन बाजूंमध्ये हेलकावतो: एकीकडे गमावलेल्या माणसाचं दुःख, दुसरीकडे आयुष्य पुन्हा लावण्याची कामं. दोन्हींत ये-जा राहणं हे सावरण्याचं लक्षण. लहान मूल असलेल्या बाबांना पहिल्या बाजूला जायला वेळच मिळत नाही. या बाबांचं सहाव्या आठवड्यापर्यंत कौतुक होत राहिलं, "किती खंबीर आहेत." सातव्या आठवड्यात ते गाडी चालवताना डुलकी लागून रस्त्याच्या कडेला गेले. रात्री चार तास झोप, संध्याकाळचं जेवण म्हणजे मुलीने टाकलेलं, आणि झोप यावी म्हणून रोज दारू.

दारूने डोळा लवकर लागतो, पण पहाटे झोप मोडते. शिवाय रात्री एकट्याने मूल सांभाळणाऱ्याने प्यायलेलं असणं धोक्याचं, त्यातून त्याच गादीवर झोपत असेल तर अधिकच. ती बंद झाली. आठवड्यातून दोन रात्री आजी मुलीशेजारी झोपू लागली, झोपवण्याचं काम मात्र बाबांचंच राहिलं. शनिवारी दुपारी तीन तास मावशी घरी यायची, मुलगी घरातच, बाबा बाहेर. त्या तीन तासांत कामं करायची नाहीत अशी अट होती. ते बहुतेकदा गाडीत बसून रडायचे किंवा झोपायचे. दोन्ही चालेल.

भावाने त्यांना स्पष्ट विचारलं, "जगू नये असं मनात येतं का? काही करायचं ठरवलंयस का?" असं विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. "तिच्याबरोबर मीही गेलो असतो तर" असं मनात येणं शोकात अनेकांना होतं. पण त्यासोबत काही बेत असेल, साधन जवळ ठेवलं असेल, किंवा "मुलीचं माझ्याशिवाय बरं होईल" असं बोलणं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोवर एकटं सोडायचं नाही. इथे बेत नव्हता. समुपदेशन सुरू झालं.

जपून ठेवायच्या गोष्टी

आईचा मोबाइल नंबर घाईने बंद करू नये. दवाखाना, पाळणाघर, बँक या सगळ्यांचे संदेश त्यावर येतात; या घरात लसीची पुढची तारीख त्यातूनच सापडली. नंबर वर्षभर चालू ठेवून एकेक खातं हलवावं. आवाजाचे संदेश आणि व्हिडिओ दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवावेत. आईचे न धुतलेले एक-दोन कपडे हवाबंद पिशवीत. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती लागतील असं वाटतं त्याहून जास्त घ्याव्यात. आणि आता एकच पालक उरला आहे, म्हणून त्यालाही काही झालं तर मूल कुणाकडे, हे वकिलाच्या सल्ल्याने लेखी करावं. हे काम सगळेच टाळतात.

सव्वादोन वर्षांच्या मुलीला मोठेपणी आईची स्वतःची आठवण बहुधा राहणार नाही. बहुतेक माणसांच्या सर्वांत जुन्या आठवणी तीन-चार वर्षांच्या वयापासूनच्या असतात. म्हणून पहिल्या वर्षातच नातेवाइकांकडून आणि मैत्रिणींकडून आईचे प्रसंग लिहून घेतले. "फार चांगली होती" याचा मुलीला पुढे काही उपयोग नाही. कशावर हसायची, रागावली की काय करायची, मुलीला कोणत्या नावाने हाक मारायची, हे हवं.

सहा महिन्यांनंतर

झोप बारा तास, हिमोग्लोबिन ११.४, वजन वाढतं आहे. शी-शू पुन्हा सांगते. पाचव्या महिन्यात बाबांना ताप आला तेव्हा ती "बाबा मेला?" विचारत दिवसभर खोलीच्या दाराशी होती. तिला आजाराचे दोन प्रकार सांगितले: रोजचे आजार, जे औषधाने बरे होतात, आणि आईला झाला तो खूप खूप मोठा, जो क्वचित होतो. प्रत्येक सर्दीला हे पुन्हा सांगावं लागतं.

मुलांच्या बाबतीत दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाच्या निदानाचा विचार, मनोविकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन पुस्तिकेच्या (डीएसएम) २०२२ च्या आवृत्तीनुसार, सहा महिन्यांनी करतात, मोठ्यांच्या बाबतीत बारा महिन्यांनी. इतक्या लहान मुलीत निदानाच्या नावापेक्षा लक्षणं बघावीत: खेळ थांबणं, वजन न वाढणं, आलेले शब्द हरवणं, लागल्यावर कुणाकडेच न धावणं, किंवा कुणाही अनोळखी माणसाकडे सारख्याच सहजतेने जाणं. यातलं काही आठवडेच्या आठवडे टिकलं तर बालमानसतज्ज्ञ. या मुलीत तसं नाही.

आता आजी तीन महिन्यांनी स्वतःच्या घरी परतणार आहे, आणि हा मुलीच्या दृष्टीने दुसरा मोठा वियोग ठरू शकतो. म्हणून दिवसाचा सांभाळ करणारी ताई आजी असतानाच सहा आठवडे आधी येऊ लागेल: पहिले दोन आठवडे फक्त खेळ, पुढचे दोन भरवणं, शेवटचे दोन दुपारची झोप. आजीने निघताना मुलीला स्वतः सांगायचं की ती कुठे जाते आहे, आणि दर रविवारी सकाळी त्याच वेळेला व्हिडिओ कॉल करायचा.